मर्ल किंझर कितव्या फेरीत गेला

ऑगस्ट महिना बेकविथ गावाला सोसत नाही. बास्केटबॉलचा हंगाम मार्चमध्ये संपलेला असतो, नवा नोव्हेंबरात सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या उन्हाळ्यात माणसांनी एकमेकांशी बोलायचं तरी काय? मका कसा आलाय हे तर जूनमध्येच बोलून झालेलं असतं. म्हणून गावातल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी फार पूर्वी एक तोड काढली. बेकविथ कॉलेजच्या संघाकडून, म्हणजे बनियनवर बगळ्याचं चित्र असल्यामुळे सगळे ज्यांना बगळे म्हणतात त्यांच्याकडून, आजवर जे जे खेळले त्यांतून चौघांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचं आणि प्रत्येकाने आठ जणांचा आपला सार्वकालिक संघ बांधायचा. याला ड्राफ्ट म्हणतात. हे संघ कधीच खेळत नाहीत. त्यांतले निम्मे गडी मातीखाली आहेत आणि उरलेल्यांचे गुडघे बदललेले आहेत. पण त्याने भांडण कमी होत नाही. उलट खेळून निकाल लावायची सोय नसल्यामुळे ते वर्षभर पुरतं.

निकाल गाव लावतं. चेंडू गडगडवून लाकडी पिना पाडायच्या बोलिंग क्लबच्या काउंटरवर चार बरण्या आठवडाभर ठेवतात आणि येणारा-जाणारा आपल्या आवडत्या संघाच्या बरणीत मक्याचा एक दाणा टाकतो. ज्याचे दाणे सगळ्यांत कमी, त्याने हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात सेंट ब्लेझ कॉलेजचा जांभळा स्वेटर घालून मैदानाला चक्कर मारायची. सेंट ब्लेझ नदीपलीकडे आहे आणि त्यांच्याबद्दल याहून जास्त बोलायची गावात पद्धत नाही. एखाद्याने इथे बँक बुडवली तर लोक कालांतराने विसरतील. जांभळा स्वेटर घातलेला माणूस मात्र जन्मभर जांभळाच राहतो.

गेलन ईबर्ली शाळेच्या बसगाड्यांचं गॅरेज सांभाळायचा आणि ड्राफ्टच्या चौघांपैकी एक होता. जांभळ्या स्वेटरला तो भीत होताच, पण त्याचं खरं दुखणं होतं त्याचा सासरा.

मर्ल किंझर तरुणपणी दोन हंगाम बगळ्यांच्या बाकावर बसला होता. बसला होता हे अगदी शब्दशः घ्यायचं. कधी संघ भरपूर पुढे असला किंवा भरपूर मागे असला की त्याला मैदानात सोडत, आणि तो जिवाच्या आकांताने पळे. त्याच्या नावावर म्हणावेत असे गुण नाहीत. गेलन दरवर्षी त्याला शेवटच्या फेरीत, सगळी घेण्याजोगी नावं संपल्यावर, घरच्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून घेई. बाकीचे तिघं 'आली सासऱ्याची फेरी' म्हणत कोट चढवू लागत.

इथवर ठीक होतं. घोळ केला तो सासूबाईंच्या फोनने. पहिल्याच वर्षी, ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी चर्चला जाण्याआधी आर्डिसने फोन केला. "गेलन, आमचा मर्ल कितव्या फेरीत गेला रे?" तिच्या आवाजात असं काही होतं की 'शेवटच्या' हा शब्द गेलनच्या जिभेवरून परत फिरला. "तिसऱ्या," तो म्हणाला. पलीकडून एक छोटासा आनंदाचा आवाज आला आणि तेव्हापासून गेलन अडकला. एकदा चढवलेला भाव उतरवायचा कसा? चौथी म्हणावं तर मर्लचं काय बिनसलं असा प्रश्न. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये फोन यायचा आणि दर ऑगस्टमध्ये मर्ल तिसऱ्या फेरीत जायचा.

या मार्चमध्ये आर्डिस गेली. मर्ल आपली खुर्ची आणि दाढीचं सामान घेऊन गेलनच्या मागच्या खोलीत राहायला आला. फारसा बोलत नसे. ऑगस्ट लागला तेव्हा एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तो म्हणाला, "यंदा ड्राफ्टला मीही येतो म्हणतो."

गेलनचा टोस्ट कॉफीत पडला. त्याची बायको नॅडीन कॉफी ओतता ओतता थांबली.

"या की, मर्ल," गेलन म्हणाला. "कंटाळाल पण."

"आपलं नाव पुकारताना कोण कंटाळतं?" मर्ल म्हणाला.

नॅडीनने नवऱ्याला अंगणात टोमॅटोच्या वाफ्यापाशी गाठलं. "आता काय करणारेस?"

"तिसऱ्या फेरीत घेणार त्यांना. खरोखरचं."

"मग हरशील."

"हरलो तर हरलो."

"तो स्वेटर तुला होणार नाही. पोट बघ जरा," नॅडीन म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "गेलन, डॅडना कळू देऊ नकोस हं. आई गेल्यापासून पहिल्यांदा कुठे येतो म्हणालेत."

गेलनने टोमॅटोच्या तीन पिशव्या भरल्या आणि बाकीच्या तिघांची दारं ठोठावली. मागणं एकच: दरवर्षी मर्ल शेवटी जातो हे त्या संध्याकाळी कोणी तोंडातून काढू नका. लॉरेटा बंच, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि ड्राफ्टच्या कायमच्या अध्यक्ष, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही. गप्प बसेन. टोमॅटो ठेव तिकडे." दाताचे डॉक्टर क्रम यांनी मान डोलावली, कारण ते कशालाही डोलावतात. टायरवाल्या ड्वेन प्रुइटने मात्र सगळं फार गोड चेहऱ्याने ऐकून घेतलं. "अरे, सासरा म्हणजे बापच," तो म्हणाला. "तू बिनधास्त राहा, लेका." ड्वेन बिनधास्त राहा म्हणाला की शहाण्या माणसाने आपले टायर तपासावेत. गेलनने तपासले नाहीत.

ड्राफ्टच्या संध्याकाळी मर्ल टाय बांधून आला. केस पाण्याने चापून बसवले होते. बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत, भिंतीपलीकडे चेंडू गडगडत असताना, तो शुगर क्रीम पायच्या, म्हणजे साखर-सायीच्या गोड पदार्थाच्या, टेबलाशेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला. समोर चौघं. यांच्यापैकी एकालाही बुटाची नाडी दम न लागता बांधता येत नव्हती. पण कोणत्या गड्याचं मन लढाऊ होतं आणि कोण ऐन वेळी शेपूट घालायचा, याचा निवाडा ते पुराव्याशिवाय देत.

चिठ्ठ्या निघाल्या. गेलनचा नंबर पहिला, मग लॉरेटा, मग क्रम, शेवटी ड्वेन. दुसऱ्या फेरीत पाळ्या उलट्या फिरतात, म्हणजे शेवटचा पहिला होतो, आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा सुलट्या. गेलनने मनात हिशेब केला. तिसऱ्या फेरीचं पहिलंच नाव त्याचं. तिथे मर्ल. झालं.

"डेलरॉय व्हिटन," गेलनने पहिलं नाव पुकारलं आणि खोलीतून एक उसासा निघाला. व्हिटन म्हणजे व्हिटन. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे, पूल आहे आणि एक सँडविच आहे. मर्लनेही मान हलवून दाद दिली.

लॉरेटांनी आणि क्रमनी आपापली नावं घेतली. मग ड्वेनची लागोपाठ दोन. पहिलं त्याने बास्केटखाली खेळणाऱ्या एका उंच गड्याचं घेतलं. दुसऱ्यासाठी उभा राहिला. ड्राफ्टमध्ये कोणी उभं राहत नाही.

"दुसऱ्या फेरीतलं पहिलं नाव," ड्वेन छातीवर हात ठेवून म्हणाला, "बचावाचा बादशहा. मर्ल किंझर."

भिंतीपलीकडे कोणाच्यातरी सगळ्या पिना आडव्या पडल्या. मर्लचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. त्याने रुमाल काढून उगीच नाक पुसलं.

"दुसऱ्या फेरीत?" डॉक्टर क्रम पुटपुटले.

"आकडे बघू नका, डॉक्टर. आकड्यांत हा माणूस सापडत नाही," ड्वेन म्हणाला. "माझा बाप सांगायचा, समोरच्या टीमला किंझरची धडकी भरायची."

ड्वेनचा बाप ओहायोहून गावात आला तोवर मर्ल खेळायचा थांबून बरीच वर्षं झाली होती. पण एखाद्या धूर्त माणसाने एखादी वस्तू महाग घेतली की बाकीच्यांना आपण मूर्ख ठरल्यासारखं वाटू लागतं. डॉक्टर क्रमनी लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे जुन्या खेळाडूंचं मोल आजच्या मोजमापाने काढायचा स्वतः तयार केलेला तक्ता होता, आणि तो त्यांना हवं ते उत्तर नेहमीच देत असे. थोडा वेळ टकटक करून ते मागे रेलले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "खेळलेला वेळ अत्यल्प. म्हणजे चुकाही अत्यल्प. मिनिटामागे चुकांचं प्रमाण काढलं तर हा माणूस व्हिटनच्या वर जातो!"

"बाकावर बसून चूक कशी करणार?" लॉरेटा म्हणाल्या. मग गेलनकडे बघून त्यांनी तोंड मिटलं.

"मॅडम, अदृश्य योगदान म्हणून एक गोष्ट असते," क्रम म्हणाले. "माझे आजोबाही त्याचं नाव घ्यायचे, आता आठवतंय मला."

गेलनचं डोकं बधिर झालं होतं. त्याची पाळी आली. दुसऱ्या फेरीचं शेवटचं नाव त्याने कसंबसं घेतलं, आणि लगेच तिसरी फेरी उघडली. आठवडाभर आरशासमोर घोकलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "तिसरी फेरी. मर्ल किंझर."

लॉरेटांनी अध्यक्षांचा हातोडा म्हणून हातात धरलेली बोलिंगची पिन टेबलावर आपटली. "गेलेलं नाव. पाळी बाद. ईबर्लींचा संघ सात जणांचा."

"एक माणूस, दोन फेऱ्यांत मागणी!" क्रम म्हणाले आणि त्यांनी तेही तक्त्यात टाकलं.

उरलेल्या फेऱ्या गेलनला धुक्यात झाल्यासारख्या झाल्या. शेवटी टेबलावरचा गोड पाय कापून वाटला. ड्राफ्टचा नियम असा की पाय संपेपर्यंत अदलाबदल चालते. ताटलीतला शेवटचा घास कोणाच्या तरी पोटात गेला की बाजार बंद. पाहुणा म्हणून शेवटचा तुकडा मर्लला दिला. मर्लची कवळी सैल होती. तो सावकाश खायला लागला.

ड्वेन गेलनला ओढून जाहिरातीच्या फलकापाशी घेऊन गेला. "व्हिटन दे, सासरा ने."

"वेडा आहेस का तू?"

"मी? मर्ल माझ्याकडे आहे. घरी जाताना गाडीत काय सांगशील त्याला? 'तुम्हाला मी नाही घेतलं, त्या प्रुइटने घेतलं, तुमची किंमत त्याला कळते, जावयाला नाही'?"

"ड्वेन, तू माझे टोमॅटो खाल्लेस."

"गोड होते," ड्वेन म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर क्रम लगबगीने आले. "प्रुइट, किंझरसाठी मी माझं पहिल्या फेरीचं नाव देतो. वर एक दात फुकट साफ करून देईन."

गेलनने मागे वळून पाहिलं. मर्लच्या ताटलीत दोनच घास उरले होते. मग एक. तो त्याने काट्यावर उचलला आणि तोंडापाशी धरून ठेवला. म्हातारा त्यांच्याकडे बघत नव्हता, पण त्याच्या कानांची लाली अजून उतरली नव्हती. गेलनला सासूबाईंचा तो फोनवरचा छोटासा आवाज आठवला आणि त्याला आतून भडभडून आलं. कधी खेळला न जाणारा एक सामना. कधी मैदानात न उतरणारा एक संघ. त्यासाठी तो काय धरून बसला होता?

"दिला व्हिटन," तो मोठ्याने म्हणाला.

सगळी खोली ऐकत होती. लॉरेटांनी पिन आपटली. मर्लने घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

घरी जाताना ऊन अजून झाडांवर होतं. दफनभूमीजवळ मर्ल म्हणाला, "जरा थांबव." गुडघ्यांमुळे तो उतरला नाही. खिडकीची काच खाली करून गवतातल्या नव्या दगडाकडे बघत तो ओरडला, "आर्डिस! दुसरी!" मग काच वर केली. गेलनने पुढचा सगळा रस्ता डोळे पुशीत गाडी चालवली. आपण गावातला सगळ्यांत मूर्ख माणूस आहोत आणि आपण योग्य तेच केलं आहे, अशी त्याची खात्री झाली होती.

आठवडाभर बरण्या भरत राहिल्या. ड्वेनच्या बरणीत, व्हिटन असल्यावर, दाणे मावेनात. लॉरेटांच्या बरणीत त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी घाबरून दाणे टाकले. खालच्या जागेसाठी झुंज होती क्रम आणि गेलनची. बरोबरी झाली तर स्वेटर पेटीतच राहतो. नॅडीनने चर्चमधल्या बायकांना घेऊन दोन फेऱ्या केल्या. शनिवारी दुपारी लॉरेटांनी मोजणी केली, पुन्हा मोजली, आणि चष्मा काढला. गेलन एका दाण्याने हरला.

तो मर्लला घेऊन गाडीत बसला. मग स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "एक दाणा, मर्ल! एकच! अख्ख्या गावात कोणाचा एक दाणा इकडचा तिकडे पडला असता तर..."

"माझा," मर्ल म्हणाला.

"काय?"

"मी प्रुइटच्या बरणीत टाकला."

"मी तुमच्यासाठी व्हिटन दिला!"

"तेच म्हणतो मी. व्हिटन देऊन मला घेणाऱ्या टीमला मी मत देऊ? तेही सात जणांची टीम. मी बगळा आहे, गेलन. नातं नात्याच्या जागी."

"अहो, मग तिथेच थांबवायचं होतं मला!"

"थांबवणारच होतो. हातात घास होता. गिळला असता तर बाजार बंद, व्हिटन तुझ्याकडेच." मर्लने टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोनदा तोंडापाशी नेला."

"मग?"

"तू माझ्यासाठी काय देतोस ते ऐकायचं होतं."

मर्ल समोरच्या काचेतून बघत होता. "आणि तिसरी फेरीबिरी सोड. दरवर्षी शेवटी जायचो, मला ठाऊक होतं. मी स्वतःला खेळताना पाहिलंय ना! आर्डिस फोन ठेवून स्वयंपाकघरातून ओरडायची, 'तिसरी, मर्ल!' आणि मी दरवर्षी 'काय सांगतेस' म्हणून उठून उभा राहायचो. तिलाही ठाऊक होतं की काय कोण जाणे. विचारायचं राहूनच गेलं."

"मग यंदा कशाला आलात?"

"घरी फोन करणारं कोणी नव्हतं," मर्ल म्हणाला. "म्हटलं, आपणच जाऊन ऐकावं."

नोव्हेंबरात पहिला सामना झाला. मध्यंतराला गेलन जांभळा स्वेटर चढवून मैदानात उतरला. नॅडीन म्हणाली होती तेच झालं. तो पोटावरून वर सरकत होता. सगळं सभागृह उठून हुर्यो करायला लागलं. पॉपकॉर्न उडाले. ड्वेन तर खुर्चीवर चढला होता. पण सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या रांगेतून येत होता. तिथे मर्ल किंझर, बदललेल्या गुडघ्यांवर उभा राहून, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून जीव तोडून ओरडत होता.

गेलन त्याच्यासमोरून जाताना शेजारचा एक परका माणूस हसून मर्लला विचारत होता, "कोण आहे हो हा गाढव?"

मर्लने हात खाली घेतले आणि श्वास घेतला.

"माझा जावई," तो म्हणाला. "माझ्यासाठी त्याने व्हिटन दिला."

आणि लगेच पुन्हा हात तोंडापाशी नेऊन तो ओरडायला लागला.